टॅक्सी घेऊ नका

४ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. मालकीणबाईंनी पाकीट पुढे करत विचारलं, "गिऱ्हाईकाचं का घरचं?" मी पटकन म्हटलं, "गिऱ्हाईकाचं." मग एका बाईंच्या चष्म्याची दांडी सरळ करायला घेतली, तर ती माझ्या हातून अशी वाकली की बाई म्हणाल्या, "अगं, माझा कान इथे आहे, मानेवर नाही."

इतक्या वर्षांत तुझी एक ओळ नाही. तू कुठे आहेस, भिंगरी शाळेत जाते की नाही, एवढंसुद्धा कोणाकडून कळलं नाही. मी रागावले होते. अजूनही आहे थोडी, खोटं कशाला बोलू? पण पाकिटावर तू घरचा पत्ता न घालता बेकरीचा घातलास ते पाहिलं आणि राग गिळला. बरोबर केलंस. घरचा पत्ता मलाही कळवू नकोस.

तू विचारतेस, भिंगरीला त्या गायिकेच्या कार्यक्रमाला इथे आणू का? तिकिटं काढून झाली आहेत, पोरगी हवेत आहे, आणि शहरात कुठे उतरावं, कुठे राहावं, कसं फिरावं हे विचारायला तुला माझ्याशिवाय कोणी नाही.

माझा सल्ला एका शब्दात सांगते. येऊ नकोस. (दोन शब्द झाले. हस आता.)

पण तू येशील हे मला कळतंय. ज्या बाईने काही ठरवलं नसतं ती इतक्या वर्षांनी लिहायलाच बसली नसती. म्हणून सांगते ते नीट वाच.

दादाला 'तुझा नवरा' म्हणू नकोस असं तू लिहिलंस, मान्य. माझा भाऊ म्हणते. ते नातं मला खोडता येत नाही. तू गेलीस तेव्हा तो गोदामात होता. आता तो टॅक्सी चालवतो. पाहुण्यांना इथे कोणीही सांगेल, सामान जड असेल तर टॅक्सी करा. तू करू नकोस. पाऊस आला तरी, भिंगरीचा पाय मुरगळला तरी. इथल्या सगळ्या टॅक्सी पांढऱ्या आहेत आणि आत कोण बसलंय ते दार उघडेपर्यंत कळत नाही.

सकाळी तो मोठ्या स्टेशनासमोरच्या रांगेत असतो. दुपारी हॉटेलांच्या रस्त्यावर. संध्याकाळचं सांगता येत नाही.

बाकी तो आता बराच निवळलाय. आईचे गुडघे कुरकुरतात आणि आई त्याहून जास्त. मी मजेत.

फोन मात्र करू नकोस. जेवायला बसताना माझा फोन टेबलावर मधोमध ठेवायचा अशी आमच्याकडे पद्धत पडली आहे.

बारकी


१७ सप्टेंबर

वहिनी,

अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घे. उजवं मनगट कपाटाच्या दारात सापडलं. दुकानात सध्या मला बारीक स्क्रूचं काम देत नाहीत, काउंटरवर बसवतात. मी गिऱ्हाइकांना डोळे तपासायच्या तक्त्यावर वरच्या ओळीपासून वाचायला लावते आणि मनातल्या मनात तुला पत्र लिहिते.

तर ऐक. मोठ्या स्टेशनावर उतरायचंच नाही. त्याच्या आधीच्या छोट्या स्टेशनावर उतरा. तिथे मागच्या बाजूला लोखंडी फाटक आहे, ते बंद दिसतं पण ढकललं की उघडतं. बाहेर भाजीबाजार लागेल. बाजारातली वाट इतकी चिंचोळी आहे की समोरून हातगाडी आली तर माणसाला पोट आत घ्यावं लागतं. मला ती फार आवडते. तिथून टेकडीच्या पायऱ्या चढायच्या. पायऱ्यांच्या वर एका निवृत्त नर्सबाईंच्या चार खोल्या आहेत, त्या भाड्याने देतात. चादरी स्वच्छ, बोलणं तुटक. "कोण, कुठून, कशाला" असं काही विचारत नाहीत.

या वाटेवर कुठेही चारचाकी जात नाही. गेले काही दिवस मी दुकान सुटल्यावर फिरून हेच पाहतेय. टॅक्सीवाल्याचं शहर वेगळं असतं, वहिनी. दादाला रस्ते तोंडपाठ आहेत, पण जिन्यांचं, बोळांचं, पादचारी पुलांचं शहर त्याला ठाऊक नाही. तुम्ही त्या शहरात राहा.

स्टेडियमला जाताना नर्सबाईंच्या घरामागून उतरायचं. रुळांवरचा पादचारी पूल ओलांडला की तुम्ही थेट मागच्या दाराशी. परत येतानाही तोच पूल. पुढच्या दाराला ट्राम, बस, टॅक्सी सगळं असतं, म्हणून सगळे तिकडेच पळतात. तुम्ही पळू नका. गर्दीत हात सुटलाच तर ट्रामच्या डेपोत, तिकीटखिडकीशी भेटायचं. स्टेडियमजवळ फोन लागत नाहीत, त्यावर विसंबू नका.

आता एक गोष्ट सांगू की नको असं चाललं होतं. सांगतेच.

रविवारी मी आणि दादा आईची औषधं घेऊन येत होतो. भिंतीवर त्या गायिकेचं भलंमोठं पोस्टर लागलंय. दादाने गाडी कडेला घेतली. मी म्हटलं, "काय झालं?" तो म्हणाला, "ही तीच ना गं? भिंगरी पलंगावर उभी राहून हिचीच गाणी म्हणायची. हातात चमचा धरून." आणि वहिनी, तो हसला. पूर्वीसारखा. मला शाळेत पोचवायला यायचा आणि वाटेत माझं दप्तर स्वतःच्या डोक्यावर ठेवून चालायचा, तो दादा.

मग म्हणाला, "येईल का गं ती?"

मी म्हटलं, "कोण, गायिका? पैसे मिळाले तर येईल की."

तो पुन्हा हसला, पण गाडी बराच वेळ सुरू केली नाही.

बारकी


२९ सप्टेंबर

वहिनी,

येऊ नका. या वेळी खरंच म्हणतेय.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेडियमच्या पुढच्या दाराशी ठरावीक टॅक्सींनाच उभं राहू देणार आहेत. त्यासाठी पास लागतो. दादाने तो मिळवला. कसा ते विचारू नकोस, कोणाकोणाच्या पाया पडला असेल. जो माणूस वाहतूक पोलिसाला साधा रामराम करत नाही, तो चार दिवस कचेरीत खेटे घालत होता.

काल जेवताना आईने विचारलं, "एवढं काय आहे त्या स्टेडियमात?"

तो म्हणाला, "माझी पोरगी येणार आहे."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मला वाटलं, संपलं, कळलं याला. पण त्याला काही कळलेलं नाही, त्याला फक्त वाटतंय. आई म्हणाली, "तुला स्वप्न पडलं का?" तो म्हणाला, "तिला ही गायिका आवडते, आणि ही गायिका पहिल्यांदाच इकडे येतेय. येणारच ती. बाप आहे मी तिचा, मला कळतं."

"आणि दिसली तर काय करशील?" हे मी विचारलं.

"गाडीत बसवीन आणि घरी आणीन. मग बघू तिची आई किती दिवस लांब राहते ते."

हे तो ओरडून बोलला नाही. मीठ मागावं तसं बोलला. म्हणून मला जास्त भीती वाटते.

त्याने भिंगरीचा एक जुना फोटो स्टिअरिंगच्या वर अडकवला आहे. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवतो, "माझी मुलगी." लोक म्हणतात, "गोड आहे."

तिकिटं कोणालातरी देऊन टाक. भिंगरी रडेल, चार दिवस बोलणार नाही. रडू दे.

माझ्या मनगटाबद्दल तू सारखं विचारतेस. कपाटाचं दार म्हटलं ना.

बारकी


७ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र आईच्या पाकिटात आलं. इतकं मोठं अक्षर आणि इतका मोठा राग मी एका कागदावर पहिल्यांदा पाहिला. "मी जन्मभर एका शहराला घाबरून राहणार नाही" हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंस, कागद फाटलाय तिथे. आत्याला समजलं.

आईला तू सगळं सांगायला लावलंस, तेही समजलं. तुझी आई नाही म्हणतच होती. पण शेवटी तिनेच लिहिलंय की ही पोरगी एकटी निघून येईल, त्यापेक्षा मी बरोबर असलेली बरी. तर आता येणारच आहात. मग भांडण बंद, कामाचं बोलू.

पायात जुने बूट घाल, नवे नकोत. कानात घालायला कापूस आण, स्पीकरच्या जवळ उभं राहशील तर दोन दिवस आईचं बोलणं ऐकू येणार नाही. (तो फायदाच, असं मनात म्हणू नकोस.) पुढच्या कठड्याला चिकटून उभी राहू नकोस. मागून लोटतात तेव्हा पुढच्याचे हाल होतात. गाणी तोंडपाठ आहेत ना? मग मागून म्हण. आणि आईला सांग, तुला सगळ्यांसमोर 'भिंगरी' म्हणून हाक मारायची नाही. त्या दिवशी तुला नावच नाही असं समज.

कार्यक्रम दुपारचा आहे, उजेड असतानाच सुटेल, हे एक बरं आहे. सुटल्यावर मागचं दार, मग पूल, मग पायऱ्या. पाठ कर.

तू कळवलंस की निळं जॅकेट घालशील आणि केस मुलासारखे कापलेत. मी डोळे मिटून तुला तशी बघायचा प्रयत्न करते, पण माझ्या डोळ्यांपुढे दोन वेण्याच येतात.

तू दोन प्रश्न विचारलेस.

पहिला, "बाबा मला ओळखतील का?" मला माहीत नाही, राजा. माणूस आपलं लेकरू ओळखतो म्हणतात. तो समोर आलाच तर थांबायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, चालत राहायचं. एवढं माझं ऐक.

दुसरा, "तू त्या घरात का राहतेस?" हे पत्र आता फार लांबलं. दुकानात गिऱ्हाईक आलंय.

आत्या


१५ ऑक्टोबर

वहिनी,

घाईत लिहितेय. तुम्ही निघण्याआधी हे पोचायला हवं.

ठरलंय तसंच या. दादाची काळजी करू नकोस, त्याची काळजी मी घेतेय. त्या दिवशी दुपारी तो स्टेडियमपाशी नसेल. कुठे असेल, कसा असेल ते विचारू नकोस, तुला न सांगितलेलंच बरं. आईला सांगावं लागलं. तिच्याशिवाय जमण्यासारखं नव्हतं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरगी उंच झाली असेल." एवढंच.

मी तुम्हाला भेटायला येणार नाही. माझ्या मागे त्याचं लक्ष असतं, मी जिथे जाईन तिथे तो येईल.

तू लिहिलंस की परत जाताना आमच्याबरोबर चल, बेकरीत काम आहे, खोली आहे. वाचलं. एकदा नाही, बऱ्याचदा वाचलं. पण आईला रात्री उठून बसायला मदत लागते. तिला कोणाच्या भरवशावर सोडू? तेव्हा नको. पुन्हा विचारूही नकोस, दर वेळी नाही म्हणायची ताकद माझ्यात नाही.

मनगट बरं आहे.

बारकी


२३ ऑक्टोबर

वहिनी,

सुखरूप पोचलात हे वाचून दुकानातच रडले. मालकीणबाईंनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "तिला नवीन नंबर लागलाय, डोळ्यांतून पाणी येतं."

तू विचारतेस, तिथे काय झालं? भिंगरी डेपोत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता, आणि तेव्हापासून ती त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, असंही लिहिलंस. मग मीच सांगते. तिच्यासमोर मोठ्याने वाचू नकोस. वाचायला दे, तिला वाटलं तर.

आमचं ठरलं होतं असं. जेवण झाल्यावर आईने छातीत दुखतंय म्हणायचं, दादा आम्हाला दवाखान्यात नेईल, आणि तिथे तपासण्या होईपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. आईने काम चोख केलं. अशी काही कण्हली की मलाच शंका आली. दादा घाबरला, आईला उचलून गाडीत ठेवलं, सिग्नल तोडत नेलं. दाराशी आम्हाला उतरवलं आणि म्हणाला, "तू बस हिच्याजवळ. मी आलोच."

मी म्हटलं, "अरे, आई आजारी आहे!"

"डॉक्टर आहेत ना. मी तिथे नसलो तर ती निघून जाईल." आणि गेला.

मी दवाखान्याच्या पायरीवर उभी. आईने चाकाच्या खुर्चीतूनच माझा पदर ओढला. "बघत काय बसलीस? जा त्याच्या मागे."

"आणि तू?"

"मला काय झालंय? नाटक करतेय ना मी." पण नर्सने तेव्हाच दाब मोजला आणि तो खरंच वाढलेला निघाला. आईने मला हाताने हुसकावलं. मी गेले, वहिनी. आजारी आईला परक्यांच्या हाती सोडून ट्राममध्ये चढले.

स्टेडियमच्या पुढच्या दाराशी पोचले तेव्हा आतून शेवटचं गाणं ऐकू येत होतं. टॅक्सींच्या रांगेत दादाची दुसरी. तो बाहेर उभा, फोटो हातात, नजर दारावर. मी स्वतःला समजावलं, असू दे. त्या दोघी मागच्या दाराने जाणार. पूल, पायऱ्या, संपलं. तेवढ्यात बाजूच्या पोलिसाचा वायरलेस बोलला, की मागचा पूल बंद करा, गर्दी झेपत नाही, सगळ्यांना पुढे वळवा.

मी इतके दिवस फिरून शोधलेली वाट एका माणसाने एका वाक्यात बंद केली.

मला दुसरं काही सुचलं नाही. दादाच्या गाडीचं मागचं दार उघडून मी आत बसले आणि ओरडले, "आईला आत घेतलंय, चल लवकर!"

तो पुढे येऊन बसला. चावी फिरवली. मी मनात म्हटलं, देवा, निघ. पण त्याने गाडी हलवली नाही. "पाच मिनिटं. लोक सुटतायत आत्ता. पाच मिनिटं थांब."

"दादा, आई आहे ती!"

"आणि ती माझी पोरगी आहे!"

लोंढा बाहेर आला. काचेला लोकांची अंगं घासत होती, गाडी हलत होती. तो स्टिअरिंगवर छाती टेकून एकेक चेहरा बघत होता, आणि मला दिसत होतं की तो खाली बघतोय, कमरेच्या उंचीवर. जिथे लहान मुलांची डोकी असतात तिथे. एका बाईच्या हाताला धरून दोन वेण्यांची मुलगी चालली होती. तो अर्धा उठला आणि परत बसला.

आणि मग निळं जॅकेट दिसलं. एकटीच होती. तुझा हात तोवर सुटला असावा. ती टॅक्सींच्या रांगेलगत डेपोकडे निघाली होती. मागच्या काचेतून तिने मला पाहिलं आणि थांबली. मला तिने कसं ओळखलं, देव जाणे. मी मान हलवली. जा, जा, चालत राहा. तिची नजर माझ्यावरून पुढे त्याच्या मानेवर गेली, मग त्या फोटोवर.

ती गेली नाही. पुढे आली आणि त्याच्या खिडकीशी वाकली. त्यांच्यामध्ये एक वीतभर जागा असेल. म्हणाली, "काका, रिकामी आहे का?"

तिचा आवाज थरथरत नव्हता, वहिनी. माझे दात वाजत होते.

त्याने तिच्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं, तोंडाकडे. आणि म्हणाला, "दिसत नाही का, बाई बसलीये? मागची बघ. आणि बाजूला हो, मला दार दिसत नाहीये."

ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि गर्दीत शिरली.

गर्दी ओसरेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "आली नाही ती." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याची कीव आली. हे तुला आवडणार नाही, पण आली.

आम्ही निघालो. पुढे सगळा रस्ता गाड्यांनी तुंबलेला, मुंगीच्या पावलाने चाललो होतो. सिग्नलपाशी तो अचानक म्हणाला, "त्या पोरीच्या हनुवटीला व्रण होता."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"टाके मीच घालून आणले होते. डॉक्टरला सांगितलं, जिन्यावरून पडली." त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ती तुझ्याकडे बघत होती आधी. कोण होती ती?"

मला खोटं बोलता आलं असतं. इतकी वर्षं बोललेच आहे. पण त्या पोरीने खिडकीशी वाकून जे केलं ते पाहिल्यावर जीभ वळेना.

"तुझी मुलगी," मी म्हटलं. "तुझ्यासमोर उभी होती. तू तिला बाजूला हो म्हणालास."

तो गाडी वळवायला गेला. वळणार कुठे? दोन्ही बाजूंनी गाड्या. हॉर्न, शिव्या. त्याने मागे वळून माझं मनगट धरलं, तेच, आणि पिरगाळलं. "तुला माहीत होतं! तूच बोलावलंस त्यांना!" कपाटाचं दार नव्हतं ते, वहिनी. तुला कळलंच होतं, पण एकदा मी स्वतः लिहायला हवं. त्याने केलं होतं, सप्टेंबरात. मी फोन टेबलावर ठेवायला विसरले होते म्हणून.

डाव्या हाताने मी दाराची कडी चाचपली. दार उघडलं. तो म्हणाला, "उतरलीस तर घरी येऊ नकोस." मी उतरले. तो गाडीतून बाहेर पडला तोच वाहतूक पोलिसाने बॉनेटवर थाप मारली, "ए, गाडी सोडून कुठे? बस आत!" मी चालायला लागले, कार्यक्रमाहून परतणाऱ्या, समोरून येणाऱ्या माणसांतून. सगळे गात होते. मला मागून हाक ऐकू येत होती, "बारके! ए बारके!" तशी हाक तो लहानपणी मारायचा. मी वळले नाही. वळले असते तर गेले असते, म्हणून वळले नाही.

दवाखान्यात गेले. आईला दोन दिवस ठेवून घेणार होते. तिने माझा हात पाहिला. म्हणाली, "पोरगी दिसली?"

"दिसली. उंच झालीये."

"मग आता तू जा. त्याच्या यायच्या आत."

"आणि तुला रात्री कोण उठवणार?"

"तो उठवेल. माझ्यावर त्याने कधी हात टाकला नाही. तोच पुरावा धरून मी तुला आणि तुझ्या वहिनीला सांगत आले की तो वाईट नाही." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जा गं. मला झोप आलीये."

तेव्हापासून मी मालकीणबाईंच्या घरी आहे. दादा दोनदा दुकानासमोर येऊन उभा राहिला. पहिल्यांदा मालकीणबाई बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "डोळे तपासायचे असतील तर आत या, नाहीतर पोलिसांना बोलावते." दुसऱ्यांदा त्याने नुसता हात वर केला आणि निघून गेला. तो रडत होता की रागात होता, काचेतून कळलं नाही. भिंगरीला सांग, तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं. दुसऱ्याचं मला अजून नीट देता येत नाही. पण आता मी त्या घरात राहत नाही.

मी येतेय. हाताला पट्टा आहे, पीठ मळता येणार नाही, काउंटरवर बसव. शनिवारी सकाळच्या गाडीने निघेन, छोट्या स्टेशनावरून चढेन.

मला भीती वाटतेय, आणि आईची आठवण येतेय. आई आता घरी आहे. दादा कामावर गेला की मी तिला मालकीणबाईंच्या फोनवरून फोन करते. तुला माहीत आहेच ती कशी आहे. शेजारीण काय म्हणाली हे ती दुधवाल्याला सांगते आणि दूधवाला काय म्हणाला ते शेजारणीला. पण कार्यक्रमाबद्दल, तुमच्याबद्दल दादाने तिला खोदून खोदून विचारलं, शपथा घातल्या, ताट भिरकावलं, तरी तिने तोंड उघडलं नाही.

आज मी म्हटलं, "आई, मी वहिनीकडे जातेय. पत्ता लिहून घेतेस?"

आई म्हणाली, "मला नको सांगूस बाई. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

बारकी